पुस्तक फिरतं ठेवायचं तर

सार्वजनिक ग्रंथालयाची माहिती देताना आधी ग्रंथसंख्या सांगायची पद्धत आहे. इतकी हजार पुस्तकं, इतकी कपाटं, अमुक साली स्थापना. आसपासच्या लोकांना त्या जागेचा उपयोग किती होतो, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वेगळा हिशेब लागतो: वर्षभरातली देवघेव भागिले एकूण पुस्तकं. १०,००० पुस्तकं असतील आणि वर्षात ५,००० वेळाच देवघेव झाली असेल, तर निदान निम्मी पुस्तकं वर्षभर जागची हललेली नाहीत. प्रत्यक्षात त्याहून जास्तच, कारण मागणी असलेली पुस्तकं दहा-दहा वेळा बाहेर जातात. उलट ३,००० पुस्तकांचं छोटं ग्रंथालय वर्षाला ९,००० वेळा देवघेव करत असेल, तर त्याचं प्रत्येक पुस्तक सरासरी तीनदा कुणाच्या तरी घरी जाऊन आलं. मोठं ग्रंथालय कुठलं, याचं माझ्या लेखी हेच उत्तर आहे.

हा भागाकार विभागवार करावा. एकूण आकडा बरा दिसतो, पण आत पाहिलं तर कादंबऱ्या चारदा फिरलेल्या आणि आरोग्याचा विभाग वर्षात एकदाही नीट न फिरलेला, असं निघतं. म्हणजे तिथली पुस्तकं जुनी आहेत, किंवा ती कपाटं अंधाऱ्या कोपऱ्यात आहेत, किंवा त्या विषयाची गरज असलेले लोक ग्रंथालयात येतच नाहीत. तिन्ही दुखणी वेगळी आणि त्यांचे उपायही वेगळे.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरासाठी असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवा. आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत उघडण्याच्या वेळेवरून, दंडावरून, कपाटांच्या उंचीवरून जे वाद होतात, ते या पाचांपैकी एकावर घासून पाहिले तर बहुतेक सुटतात.

वेळेचंच घ्या. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ही वेळ कर्मचाऱ्यांच्या सोयीची असते. कामावर आणि शाळेत जाणाऱ्यांसाठी ते ग्रंथालय बंदच आहे. मनुष्यबळ कमी असेल आणि आठवड्याला ३६ तासच उघडं ठेवता येत असेल, तरी ते तास कुठे खर्च करायचे हे आपल्या हातात असतं. दोन आठवडे दर तासाला आत किती माणसं आहेत ते एका कागदावर मांडा. ज्या तासाला दोन-तीनच माणसं दिसतात तो तास काढा आणि संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी द्या. मात्र बंद वेळेत कोण आलं असतं, हे या मोजणीत दिसत नाही. म्हणून नव्या वेळेला किमान तीन महिने द्यावेत आणि मगच निकाल लावावा. वेळ वारंवार बदलू नये. दोनदा कुलूप पाहून परत गेलेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही.

आता कपाटं. जुन्या पद्धतीत वाचकाने चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि कर्मचाऱ्याने आतून पुस्तक आणून द्यायचं. लंडनच्या क्लर्कनवेल भागातल्या ग्रंथालयात जेम्स डफ ब्राऊन यांनी १८९४ साली कपाटं वाचकांना खुली केली, तेव्हा सगळी पुस्तकं चोरीला जातील अशी ओरड झाली. काही पुस्तकं जातात, हे खरंच आहे. पण बंद कपाटातून माणूस फक्त आधी माहीत असलेलं पुस्तक मागू शकतो. शेजारचं, कधीच नाव न ऐकलेलं पुस्तक हाती लागतं ते खुल्या फळीवरच. ज्या ग्रंथालयात अजून काचेची, कुलपाची कपाटं आहेत, तिथे पहिलं काम हेच: दुर्मीळ पुस्तकं वेगळी काढा आणि बाकीची कुलपं उघडा.

फळी भरताना हात आखडता ठेवावा. ९० सेंटिमीटरच्या फळीवर मध्यम जाडीची साधारण तीस पुस्तकं मावतात, ठेवायची बावीस-तेवीस. गच्च भरलेल्या फळीतून पुस्तक काढताना लोक कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढतात, आणि कापड तिथेच फाटतं. जागा असली की शेजारची दोन पुस्तकं किंचित आत ढकलून हवं ते मधोमध धरून काढता येतं. दुसरा फायदा म्हणजे नवीन पुस्तक आलं की पुढचं अख्खं कपाट सरकवावं लागत नाही. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर हवी. पाणी शिरलं तर आधी तिथेच शिरतं, आणि फरशी पुसताना रोज ओल लागते ती वेगळीच. दोन रांगांमध्ये किमान ९० सेंटिमीटर जागा लागते, नाहीतर चाकांची खुर्ची जात नाही. १२० असेल तर एकजण पाहत असताना दुसऱ्याला मागून जाता येतं. मुलांच्या विभागात १२० सेंटिमीटरहून उंच कपाट नको.

वर्गांकाबाबत, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेल्या क्रमांकाबाबत, एकच सांगतो. मेल्व्हिल ड्युई यांची दशांश पद्धत १८७६ पासून वापरात आहे, आणि तिच्यात दशांश चिन्हापुढे हवे तितके आकडे वाढवता येतात. पण येतात म्हणून वाढवायचे नसतात. पाच-सात हजार पुस्तकांच्या ग्रंथालयात तीन आकडे आणि पुढे फार तर दोन, एवढं पुरतं. कण्यावर आठ आकडी वर्गांक असला की पुस्तक चुकीच्या जागी जातं, आणि चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच. रोज एक-दोन कपाटं ओळीने तपासायची सवय ठेवावी. वाचकांनी पाहिलेली पुस्तकं परत फळीवर न ठेवता टेबलावर ठेवावीत, अशी पाटी लावा. त्या टेबलावरची पुस्तकं दिवसअखेर मोजून लिहायची. घरी न नेता तिथेच बसून वाचलेलं पुस्तकही फिरलेलंच असतं, आणि ही मोजणी बहुतेक ठिकाणी होत नाही.

काउंटरवर येणारा प्रश्न बहुधा खरा प्रश्न नसतो. एखादे गृहस्थ येऊन विचारतात, ‘कायद्याची पुस्तकं कुठे आहेत?’ बोट दाखवून मोकळं होता येतं. पण ‘कशासंबंधी पाहताय?’ एवढं विचारलं की कळतं, घर सोडून तीन महिने झाले तरी घरमालक अनामत रक्कम परत देत नाहीयेत. त्यांना कायद्याचा ग्रंथ नको आहे. भाडेकराराची सोप्या भाषेतली माहिती, अर्जाचा नमुना आणि तक्रार कुठल्या कार्यालयात करायची, हे हवं आहे. इथे ग्रंथपालाने माहिती काढून द्यावी, सल्ला देऊ नये. ‘नियम या पानावर आहे, नमुना हा घ्या’ इथपर्यंत आपलं काम. ‘तुम्ही केस जिंकाल’ हे आपण सांगायचं नाही. औषधांच्या बाबतीत ही रेघ अजून कडक पाळावी. आणि प्रश्न हळू आवाजात विचारावा, कारण मागे रांग उभी असते.

तिथून मुद्दा येतो वाचकाच्या खासगीपणाचा. हा मला ग्रंथालयाच्या कामाचा गाभा वाटतो आणि त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. कोणी काय वाचलं हे तिसऱ्याला कळता कामा नये. कर्जबाजारीपणावर, घटस्फोटावर, एखाद्या आजारावर पुस्तक नेणाऱ्याला जर वाटलं की ही गोष्ट चार लोकांत जाईल, तर तो ते पुस्तक नेणार नाही.

देवघेवीच्या जुन्या कार्डपद्धतींकडे या नजरेने पाहिलं तर ब्राऊन पद्धत (ही नीना ब्राऊन यांची; क्लर्कनवेलचे ब्राऊन वेगळे) किती विचारपूर्वक केलेली होती हे कळतं. सभासदाकडे छोट्या पाकिटासारखी तिकिटं असतात. जितकी पुस्तकं न्यायची मुभा तितकी तिकिटं. प्रत्येक पुस्तकात त्या पुस्तकाचं एक कार्ड असतं. पुस्तक देताना कार्ड काढून सभासदाच्या तिकिटात सरकवायचं, पुस्तकातल्या चिठ्ठीवर परतीची तारीख मारायची, आणि तिकीट-कार्डाची ती जोडी त्या तारखेच्या मागे ट्रेमध्ये क्रमाने लावायची. पुस्तक परत आलं की चिठ्ठीवरची तारीख पाहून ट्रेमधली जोडी शोधायची, कार्ड पुस्तकात, तिकीट सभासदाच्या हातात. व्यवहार संपला. ते पुस्तक कोणी नेलं होतं, याची खूण कुठेच उरत नाही. न्यूआर्क पद्धतीत मात्र पुस्तकाच्या कार्डावर सभासद क्रमांक लिहिला जातो आणि तो तिथेच राहतो. पुढचा कोणीही कार्ड हातात घेऊन आधीचे क्रमांक वाचू शकतो. ब्राऊन पद्धतीची अडचण अशी की ‘या सभासदाकडे सध्या कोणती पुस्तकं आहेत’ याचं उत्तर पटकन मिळत नाही. आणि एक जोडी चुकीच्या तारखेमागे गेली की पुस्तक परत आल्यावर अख्खा ट्रे चाळावा लागतो. म्हणून दिवसभराच्या जोड्या आधी वेगळ्या ठेवायच्या, विषयवार मोजून रोजची आकडेवारी लिहायची, क्रम तपासायचा आणि मगच मुख्य ट्रेमध्ये मिसळायच्या.

संगणकावर आलं की उलटं होतं. काही ठरवलं नाही तर सगळंच साठत जातं. कोहा ही ग्रंथालयाची देवघेव सांभाळणारी मुक्त संगणक प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी तयार झाली, २००० सालापासून वापरात आली आणि आज जगभर चालते. परत आलेल्या पुस्तकावरून सभासदाचं नाव पुसण्याची सोय तिच्यात आहे. ती मुद्दाम चालू करावी लागते. तेवढ्याने भागत नाही. जुन्या बॅकअपमध्ये नावं राहतात, छापून ठेवलेल्या याद्यांवर राहतात. मुदत उलटलेल्यांची यादी नाव आणि पुस्तकासकट सूचना फलकावर लावणं ताबडतोब बंद करावं. राखून ठेवलेल्या पुस्तकांत पूर्ण नावाची चिठ्ठी घालू नये, सभासद क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पुरतात. ‘तुमचं पुस्तक आलंय’ असा फोन केला आणि घरातल्या दुसऱ्या कोणी उचलला, तर पुस्तकाचं नाव सांगायचं नाही.

दंडाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रोजचा विलंब दंड काढून टाकावा. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ साली तो काढला, आणि तेव्हापासून अनेक शहरांतल्या ग्रंथालयांनी तेच केलं. साठलेला दंड भरण्यापेक्षा लोक ग्रंथालयात येणंच सोडतात, मग पुस्तकही जातं आणि सभासदही. ज्याला पैसे जड नाहीत, त्याला दंडाची पर्वाही नसते. दंडाऐवजी शिस्त लागते ती अशी: मुदतीच्या दोन दिवस आधी आठवण, दुसऱ्या कोणाची मागणी नसेल तर दोनदा आपोआप मुदतवाढ, मुदत उलटल्यावर जुनं पुस्तक येईपर्यंत नवं नाही, आणि साधारण सहा आठवड्यांनंतर पुस्तकाच्या किमतीची मागणी. पुस्तक परत आलं की ती मागणी रद्द. मागणी असलेल्या पुस्तकाला मुदतवाढ द्यायची नाही, तिथे सवलत नको, कारण रांगेत दुसरा वाचक आहे.

निर्लेखन, म्हणजे पुस्तकं काढून टाकणं, हे सगळ्यात टाळलं जाणारं काम. पुस्तक टाकणं मनाला पटत नाही, आणि ग्रंथसंख्या कमी झालेली दिसायला नको असते. पण कपाटात दहापैकी सहा पुस्तकं पिवळी, फाटकी आणि कालबाह्य असली की उरलेली चार चांगली पुस्तकं कोणाच्या नजरेस पडत नाहीत. नीट निर्लेखन केलेल्या विभागाची देवघेव बहुधा वाढते, ती याच कारणाने.

टेक्सासच्या राज्य ग्रंथालयाने प्रसिद्ध केलेली ‘क्रू’ पद्धत यासाठी जगभर वापरली जाते. तिच्यात प्रत्येक विषयाला दोन मर्यादा दिल्या आहेत: पुस्तक किती जुनं, आणि शेवटचं कधी बाहेर गेलं. वैद्यकाच्या पुस्तकांना पाच वर्षं आणि तीन वर्षं. संगणकाच्या पुस्तकांना प्रकाशनापासून तीनच वर्षं. मर्यादा ओलांडली म्हणजे पुस्तक टाकलंच पाहिजे असं नसतं; ते हातात घेऊन पाहायलाच हवं, एवढाच त्याचा अर्थ. पाहायचं काय? माहिती चुकीची किंवा धोक्याची आहे का. पुस्तक इतकं खराब आहे का की हातात घ्यावंसं वाटू नये. नवी आवृत्ती आली आहे का. मजकूर क्षणिक उत्साहाचा होता का. इथल्या वाचकांना त्याचा संबंध उरला आहे का. आणि तेच दुसरीकडून सहज मिळतं का. मुलांच्या विभागातली खगोलशास्त्राची पुस्तकं एकदा काढून पाहा. ऑगस्ट २००६ मध्ये प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला; ‘नऊ ग्रह’ शिकवणारी पुस्तकं अजून अनेक फळ्यांवर बसलेली आहेत, आणि लहान मूल छापलेलं खरं मानतं.

काम करायचं ते एका वेळी एकाच विभागाचं. तीन वर्षांत बाहेर न गेलेल्या पुस्तकांची यादी काढा, पण निर्णय यादीवरून घेऊ नका. पुस्तकं टेबलावर आणा आणि चार ढीग करा: राहू दे, दुरुस्तीला, नवी आवृत्ती मागवायची, काढायचं. स्थानिक इतिहास, स्थानिक लेखकांची पुस्तकं, जुन्या स्मरणिका यांना हा नियम लावू नये. ती वर्षानुवर्षं कोणी मागत नाही आणि एक दिवस कोणीतरी फक्त त्यासाठीच येतं. काढायच्या ढिगातलं प्रत्येक पुस्तक झटकून पाहा, पानांत पत्रं, फोटो आणि नोटा निघतात. मालकीच्या शिक्क्यावर ‘रद्द’ शिक्का मारा, बारकोड काढा, दाखल नोंदवहीत त्या पुस्तकाच्या क्रमांकापुढे तारीख आणि कारण लिहा. शेवटी तालिकेतली, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकयादीतली, नोंद काढा. नेमकी हीच पायरी राहून जाते, आणि मग वाचक यादीत दिसणारं पण अस्तित्वात नसलेलं पुस्तक अर्धा तास शोधत बसतो. दरवर्षी साधारण पाच टक्के पुस्तकं तपासून काढत गेलं तर दहा वर्षांनी ट्रक मागवायची वेळ येत नाही. लोक ट्रक पाहूनच चिडतात, आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं आहे. काढलेली पुस्तकं आधी प्रवेशद्वाराजवळ ‘घेऊन जा’ म्हणून ठेवावीत. मात्र चुकीच्या माहितीमुळे काढलेलं औषधांचं पुस्तक कोणाला भेट देऊ नये. ते सरळ रद्दीत.

दुरुस्तीच्या ढिगात सगळ्यात जास्त निघतात ती पुठ्ठ्यापासून सुटू लागलेली पुस्तकं. वेळीच हात लावला तर हे दहा मिनिटांचं काम आहे. पुस्तक उभं धरून थोडं उघडा. पुठ्ठ्याचा कणा आणि पानांचा गठ्ठा यांच्यामध्ये पोकळी दिसेल. विणकामाची बारीक सुई बांधणीसाठी मिळणाऱ्या आम्लविरहित पीव्हीए गोंदात बुडवा, जादा गोंद पुसून टाका, आणि सुई पुठ्ठ्याच्या सांध्यात वरून अर्ध्यापर्यंत फिरवत न्या. मग पुस्तक उलटं करून दुसऱ्या टोकाकडून तेच. दोन्ही सांध्यांना झालं की पुठ्ठ्याच्या आत मेणकागद घालून पुस्तक मिटा, बाहेरून दोन्ही खाचांत एकेक सुई बसवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. मेणकागद विसरलात तर कव्हराच्या आतला कोरा कागद पहिल्या पानाला चिकटून बसतो. गोंद जास्त झाला तर तो कण्यात ओघळतो आणि पुस्तक पुन्हा पूर्ण उघडत नाही. सुतारकामाचा गोंद वापरू नका; वाळून कडक होतो आणि चार वेळा उघडल्यावर तुटतो.

चिकटपट्टी तर ग्रंथालयाच्या टेबलावर नसावीच. काही वर्षांत तिचा चिकट थर कागदात झिरपून तपकिरी होतो, वरची पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू कागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ. पट्टी कात्रीने न कापता ओल्या रेषेवर फाडायची, म्हणजे कडेचे तंतू पानात मिसळतात आणि उंचवटा राहत नाही. सुटलेलं एक पान परत बसवायचं तर त्याच्या आतल्या कडेला जेमतेम तीन मिलिमीटर रुंद गोंद लावायचा. दुर्मीळ ग्रंथावर यातलं काहीही करू नका. ते जाणकार संरक्षकाकडे द्यावेत, कारण पीव्हीए पुन्हा निघत नाही.

कसर आणि बुरशी ओलीच्या मागून येतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते. एक साधा आर्द्रतामापक कपाटांमध्ये ठेवा. कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं हवा खेळू द्या. डांबराच्या गोळ्यांचा वास पुस्तकांपेक्षा तिथे बसणाऱ्या माणसांना जास्त अपाय करतो. कीड लागलेलं पुस्तक हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवलं तर कीड आणि अंडी दोन्ही मरतात. घरगुती फ्रीजर इतका थंड होत नाही, तिथे दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर थंड पानांवर दव धरतं.

छप्पर गळून पुस्तकं भिजली, तर ४८ तासांत बुरशी सुरू होऊ शकते. कमी भिजलेली पुस्तकं पानं पंख्यासारखी उघडून उभी करा, मध्ये टिपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. पंखा खोलीत फिरता ठेवा, पानांवर रोखू नका. चकचकीत कागदाची पुस्तकं ओली असतानाच वेगळी काढा. ती वाळली की पानांचा एकच ठोकळा होतो आणि मग काही करता येत नाही. जितकी एका दिवसात हाताळता येणार नाहीत, तितकी पिशव्यांत घालून गोठवा. गोठवलेलं पुस्तक सावकाश, एकेक करून वाळवता येतं.

पुस्तक न नेणारे लोकही ग्रंथालयाचेच असतात. हेलसिंकीचं ऊदी ग्रंथालय २०१८ च्या डिसेंबरमध्ये उघडलं. तिथे शिवणयंत्रं आणि थ्री-डी प्रिंटर मधल्या मजल्यावर आहेत आणि पुस्तकं सगळ्यात वर. एवढी इमारत सगळ्यांना परवडणारी नाही, पण त्यामागचा विचार परवडतो: काही विकत न घेता, कोणाची परवानगी न मागता दिवसभर बसता येईल अशी छपराखालची जागा माणसाला दुसरीकडे फारशी मिळत नाही. तिथे वृत्तपत्र वाचणारे ज्येष्ठ, परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं आणि मोबाइलवर अर्ज भरायला आलेला माणूस, तिघांच्या गरजा एकमेकींना अडतात. बोलण्याची जागा दाराजवळ, शांततेची सगळ्यात आत, आणि मधे कपाटांची रांग; पुस्तकं आवाज बऱ्यापैकी अडवतात. सकाळी पिशवी ठेवून दुपारी येणाऱ्यांचा प्रश्न सगळीकडे आहे. रिकामी खुर्ची ४५ मिनिटांहून जास्त अडवता येणार नाही, असा नियम लावा आणि तो सगळ्यांना सारखाच लागू करा.

सार्वजनिक संगणकावर गडबड होते ती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये. माणूस ओळखपत्राचं स्कॅन उतरवून घेतो, छापतो आणि निघून जातो. फाइल पुढच्याच्या समोर उघडी. म्हणून पाहुण्याचं खातं असं लावावं की बाहेर पडताच सगळं पुसलं जाईल, आणि १० मिनिटं हात लागला नाही तर आपोआप बंद होईल. मदत करताना कर्मचाऱ्याने कीबोर्ड आपल्याकडे ओढू नये. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओटीपी टाइप करून देणं तर कधीच नाही, उद्या खात्यात काही झालं तर पहिला संशय तिथेच येतो.

लहान मुलांच्या गोष्टीच्या वेळेत २० ते २५ मिनिटं पुरतात. दोन-तीन पुस्तकं, मध्ये एखादं हातवारे करायचं गाणं. वाचणाऱ्याच्या पाठीशी भिंत असावी, खिडकी नको, नाहीतर उजेडामुळे मुलांना चित्रं दिसत नाहीत. दार मुलांच्या मागे असावं, उशिरा येणाऱ्यांकडे माना वळत नाहीत. गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलात?’ असं विचारू नये. ती पुस्तकं तिथेच टेबलावर ठेवावीत, मुलं आपोआप उचलतात. आणि पुस्तकाच्या कण्यावर वाचनाच्या पातळीचा रंगीत ठिपका लावू नये. दहा वर्षांच्या मुलाला सोपं पुस्तक हवं असेल तर तो ठिपका सगळ्या वर्गासमोर ते जाहीर करतो.

पैशाबद्दल थोडं. अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून जगभर अडीच हजारांहून जास्त ग्रंथालयांच्या इमारती झाल्या, पण त्यांची अट ठरलेली होती: जागा गावाने द्यायची, आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी करातून ग्रंथालयावर खर्च करायची. इमारतीला देणगीदार मिळतो; पगार, वीज आणि नवीन पुस्तकं यांना मिळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आजही नवी इमारत बांधण्याआधी पुढच्या दहा वर्षांचा चालू खर्च कागदावर मांडावा. खर्च कापायची वेळ आली तर नवीन पुस्तकांचा निधी आधी कापला जातो, कारण त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. दोन वर्षांनी देवघेव घसरते आणि मग त्या घसरणीचंच कारण देऊन पुढची कपात होते.

पुस्तक निवडीसाठी एक वही काउंटरवर असावी: ‘मागितलं आणि मिळालं नाही’. रकाने चार. तारीख, काय मागितलं, का मिळालं नाही, पुढे काय केलं. मागणाऱ्याचं नाव त्यात नको. निरोप हवा असेल त्याने वेगळी चिठ्ठी द्यावी. ‘का मिळालं नाही’ हा रकाना महत्त्वाचा: आपल्याकडे नाहीच, बाहेर गेलं आहे, की यादीत आहे पण फळीवर सापडलं नाही. पहिल्या कारणाच्या नोंदी खरेदीच्या यादीत जातात. दुसऱ्याच्या नोंदी एकाच पुस्तकाबद्दल तीनदा आल्या तर दुसरी प्रत घ्यावी. तिसऱ्या कारणाच्या नोंदींवरून त्या आठवड्यात कुठलं कपाट तपासायचं ते ठरतं. दर शनिवारी वही उघडून चौथा रकाना भरायचा, आणि तो सलग तीन आठवडे कोरा दिसला तर कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत वही टेबलावर ठेवायची.